पालटत्या रेघांचा कौल

मॅक्स म्यूलरनें संपादन केलेली प्राच्य धर्मग्रंथांची माला आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत पन्नास खंडांची ओळ करून उभी आहे. त्यांपैकीं उपनिषदांचे, धर्मसूत्रांचे व धम्मपदाचे खंड विद्यार्थ्यांच्या हातांनीं मऊ झालेले आहेत; परंतु सोळावा खंड आम्हीं प्रथम काढला तेव्हां त्याचीं कित्येक पानें कडेनें कापलेलींहि नव्हतीं. हा खंड म्हणजे जेम्स लेग ह्या स्कॉच मिशनऱ्यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘यी चिंग’ ह्या चिनी ग्रंथाचें भाषांतर होय. लेगनें पहिलें भाषांतर १८५४-५५ सालींच करून ठेविलें होतें. पण ग्रंथाचें मर्म आपल्याला उमगलें नाहीं असें वाटून त्यानें तें बाजूस सारलें, आणि १८७० सालीं तें बाड तांबड्या समुद्राच्या पाण्यांत महिन्याहून अधिक काळ भिजत राहिलें. वाळवून तें वाचण्याजोगें झालें खरें, पण तोंपर्यंत ग्रंथाकडे पाहण्याची लेगची दृष्टीच बदलली होती. ज्या ग्रंथानें अशा चिवट पंडिताला पंचवीस वर्षें दमविलें, त्यांतील एकाच कूटप्रश्नाचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे कोंकणांत व गोव्यांत देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटविलेली पाकळी उजवीकडची पडली कीं डावीकडची, एवढ्यावर काम भागतें. गुरवाला व्याख्यान करण्यास फारसा वाव नसतो. चिनी कौल असा आटोपशीर नाहीं. तो ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणत नाहीं, तर एका जुन्या पोथींतलें वचन हातांत ठेवतो. त्यामुळें तेथें खरी अडचण देवाला बोलतें करण्याची नसून, तो बोलला त्यांतलें कोणतें वाक्य आपल्यासाठीं, हें ठरविण्याची आहे.

‘यी’ म्हणजे पालट व ‘चिंग’ म्हणजे प्रमाणग्रंथ. अखंड व खंडित अशा दोन प्रकारच्या रेघा सहा सहा एकावर एक मांडल्या असतां चौसष्ट आकृति होतात. त्यांना आपण येथें षट्क म्हणूं. ह्या प्रत्येक षट्काला एक नांव आहे, सबंध षट्काचें म्हणून एक वचन आहे, आणि खालपासून वरपर्यंत सहा रेघांचीं सहा वचनें आहेत. म्हणजे रेघांचीं वचनें ३८४ झालीं. शिवाय पहिल्या दोन षट्कांना एकेक वचन जादा आहे. परंपरा ह्या ग्रंथाचें कर्तृत्व चौ वंशाचा राजा वन व त्याचा पुत्र ह्यांना देते, व त्याला जोडलेलीं दहा परिशिष्टें कन्फ्यूशिअसच्या नांवावर घालते. अर्वाचीन संशोधक मूळ वचनांचा संग्रह सुमारें इ. स. पू. नवव्या शतकांतला मानतात व परिशिष्टें कन्फ्यूशिअसच्या मागाहूनचीं ठरवितात.

आतां कौल लावण्याची रीति. एका रानटी झाडाच्या वाळलेल्या पन्नास काड्या घ्यावयाच्या. त्यांतली एक प्रारंभींच बाजूला ठेवावयाची. ती पुन्हां कामाला येत नाहीं. उरलेल्या एकूणपन्नास काड्यांचे सहज हातानें दोन जुडगे करावयाचे, एका जुडग्यांतली एक काडी बोटांच्या बेचक्यांत धरावयाची, आणि दोन्ही जुडगे चार चार काड्यांनीं मोजीत जाऊन शेवटीं उरतील त्या काढून टाकावयाच्या. उरलेल्या काड्या एकत्र करून हीच क्रिया आणखी दोन वेळां केली, म्हणजे शेवटीं ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या शिल्लक राहतात. त्यांना चारानें भागिलें म्हणजे नऊ, आठ, सात किंवा सहा हा आंकडा मिळतो व एक रेघ तयार होते. सात व नऊ ह्या अखंड रेघा. सहा व आठ ह्या खंडित. परंतु सात व आठ ह्या तरुण असून जागच्या जागीं राहतात. नऊ व सहा ह्या म्हाताऱ्या झालेल्या असून आपल्या विरुद्ध रूपाला जाण्याच्या बेतांत असतात. अशा अठरा क्रिया केल्यावर सहा रेघांचें षट्क पुरें होतें, आणि त्यांतल्या म्हाताऱ्या रेघा उलट केल्या कीं दुसरें षट्क जन्मास येतें. आम्हीं स्वतः एका रविवारीं आगकाड्या घेऊन हा विधि करून पाहिला. अर्धा तास लागला. घरांतल्या मंडळींनीं प्रश्न काय विचारला अशी चौकशी केली. ती गोष्ट येथें सांगण्याची नाहीं.

समजा, सहांपैकीं तीन रेघा पालटल्या. आतां हातांत पहिल्या षट्काचें एक वचन आहे, त्याच्या पालटणाऱ्या रेघांचीं तीन वचनें आहेत, दुसऱ्या षट्काचें एक वचन आहे, आणि त्या षट्काच्या रेघांचीं वचनेंहि हाक मारीत आहेत. एक शुभ म्हणतें, दुसरें घात सांगतें, तिसरें कोल्ह्याच्या शेपटीविषयीं कांहीं बोलतें. ह्यांत कौल कोणता? मूळ ग्रंथ ह्यावर एक अक्षरहि सांगत नाहीं. काड्या मोजण्याची कृति परिशिष्टांत थोडक्यांत आली आहे, पण वाचण्याचा नियम तेथेंहि नाहीं. तेव्हां जुन्या लोकांनीं प्रत्यक्ष वाचलें कसें, हें पाहण्यासाठीं बखरींकडेच जावें लागतें. आणि सुदैवानें ‘त्सो चुआन’ व ‘गुओ यू’ ह्या दोन जुन्या इतिहासग्रंथांत अशा कौलांच्या हकीकती आलेल्या आहेत.

त्यांपैकीं आम्हांस सर्वांत थोर वाटणारी हकीकत लू संस्थानच्या राणी मू ज्यांगची. ही राजाची आई. तिचें एका सरदाराशीं सूत होतें व त्याच्याशीं संगनमत करून राज्यांतलीं दोन बलाढ्य घराणीं उखडून टाकण्याचा तिनें घाट घातला. कट फसला, सरदार परागंदा झाला, आणि राणीला पूर्वेकडच्या महालांत नेऊन ठेविलें, ती इ. स. पू. ५६४ मध्यें तेथेंच वारली. महालांत प्रथम गेली तेव्हां तिनें कौल लावला. ‘गन’ हें षट्क आलें. गन म्हणजे पर्वत, म्हणजेच थांबणें, स्थिर राहणें. बंदिवासांत पडलेल्या माणसाला ह्याहून वाईट शब्द तो कोणता? परंतु राजदैवज्ञानें दाखविलें कीं ह्यांतल्या पांच रेघा पालटत आहेत, फक्त खालून दुसरी तेवढी आठाची असून स्थिर आहे, आणि पालटल्यावर जें षट्क होतें तें ‘सुइ’. सुइ म्हणजे मागून जाणें, चालतें होणें. तेव्हां बाईसाहेब लवकरच येथून बाहेर पडतील, असा त्यानें अर्थ सांगितला.

राणी म्हणाली, नाहीं. सुइ षट्काचें वचन तिला पाठ होतें. त्यांत चार शुभ शब्द आहेत व शेवटीं दोष लागणार नाहीं असें अभय आहे. राणीनें त्या चार शब्दांचे चार सद्गुण असे अर्थ लाविले, आणि एकेक सद्गुण घेऊन तो आपल्या ठायीं कसा नाहीं हें स्वतःच सांगितलें: आपण स्त्री असून बंडांत पडलों, राज्याला स्वस्थता दिली नाहीं, स्वतःचा घात करून घेतला, पदाची मर्यादा सोडून शृंगार केला. हे चार गुण ज्याच्यापाशीं असतील त्याला सुइ षट्क निर्दोष. माझ्यापाशीं एकहि नाहीं, तेव्हां हें वचन माझें नव्हे. दुष्कृत्य मीं निवडलें, मग दोष लागल्यावांचून कसा राहील? मी येथेंच मरणार, बाहेर पडणार नाहीं. असा तिच्या बोलण्याचा आशय आहे.

हा संवाद अक्षरशः झाला असेल असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. बखरकार मेलेल्यांच्या तोंडीं भाषणें घालतात, आणि त्यांतहि पापी स्त्रीला आपल्या पापांची यादी वाचायला लावणें हा पुरुष बखरकारांचा आवडता उद्योग आहे. पण ह्या भाषणाला आणखी एक मौज चिकटलेली आहे. राणीनें त्या चार शब्दांचें जें विवरण केलें, तेंच जवळजवळ शब्दशः यी चिंगच्या एका परिशिष्टांत कन्फ्यूशिअसचें म्हणून आलेलें आहे. कन्फ्यूशिअसचा जन्म परंपरेप्रमाणें इ. स. पू. ५५१ मधला, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतरचा! अकराव्या शतकांतला पंडित ओउयांग शिउ ह्यानें हीच विसंगति पुढें करून हें परिशिष्ट कन्फ्यूशिअसचें नव्हे असें प्रतिपादिलें. आजचे भाषाशास्त्रज्ञ आणखी पुढें जाऊन सांगतात कीं त्या चार शब्दांत मुळांत सद्गुण नव्हतेच. बळी व कौल ह्यांसंबंधींचा तो साधा धंदेवाईक मजकूर होता. तेव्हां राणीनें वचनाचा अर्थ बदलला असें म्हणावें लागेल. पण दैवज्ञानेंहि वचन वाचलें नव्हतेंच. त्यानें षट्काचें केवळ नांव वाचलें व राणीला गोड वाटेल तें सांगितलें.

ह्या दैवज्ञाला त्याच्या चुकीबद्दल शेवटीं बोल बसला, पण तो साडेसतराशें वर्षांनीं. सुंग राजवटींतला महापंडित चू शी ह्यानें ११८६ सालीं यी चिंगच्या अभ्यासकांसाठीं एक प्रवेशिका लिहिली व तींत पालटत्या रेघा वाचण्याचे नियम घालून दिले. एकहि रेघ पालटत नसेल तर मूळ षट्काचें वचन वाचावें. एक पालटत असेल तर त्या रेघेचें. दोन पालटल्या तर दोन्हींचीं वचनें घ्यावीं, पण वरचीला मान द्यावा. तीन पालटल्या म्हणजे दोन्ही षट्कांचीं मुख्य वचनें जोडीनें वाचावीं. तिनापुढें पारडें फिरतें व दुसरें षट्क धनी होतें: चार पालटल्या असतां त्या दुसऱ्या षट्कांतल्या न पालटलेल्या दोन रेघा पाहाव्या व खालचीला मान द्यावा, पांच पालटल्या असतां एकटी राहिलेली न पालटलेली रेघ पाहावी, आणि सहाहि पालटल्या तर पहिल्या दोन षट्कांसाठीं तीं जादा वचनें व इतरांसाठीं दुसऱ्या षट्काचें मुख्य वचन. बहुसंख्येचा कल जिकडे तिकडे न जातां, जी रेघ अल्पसंख्य असेल तिलाच बोलूं द्यावयाचें, असें ह्या व्यवस्थेचें तत्त्व दिसतें. चू शीचा प्रामाणिकपणाहि येथें दिसून येतो. चार रेघांच्या नियमाला जुन्या ग्रंथांत आधार नाहीं, आपण तो इतरांवरून अनुमानानें बसविला आहे, असें तो स्वच्छ सांगतो.

ह्या नियमाप्रमाणें मू ज्यांगच्या कौलांत पांच रेघा पालटल्या असल्यामुळें सुइ षट्काची खालून दुसरी रेघ वाचावयास हवी होती. त्या रेघेचा भाव असा कीं, लहान पोराला कवटाळून बसल्यानें कर्ता पुरुष हातचा जातो. राणीच्या चरित्राला हें वचन चांगलेंच झोंबलें असतें. दैवज्ञानें तें टाळून मुख्य वचनाकडे धांव घेतली ही त्याची चूक, असा चू शीचा निर्णय आहे. आम्हांस मात्र ह्या निर्णयाचें हंसूं येतें. ज्या मोजक्या हकीकतींवरून नियम बसवावयाचा, त्यांतलीच एक नियमांत बसत नाहीं म्हणून त्या काळच्या दैवज्ञाला नापास करावयाचें, हा परीक्षकांचा न्याय झाला. आम्हीं आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळें तो आमच्या चांगल्या परिचयाचा आहे.

पण नियमाची खरी पंचाईत निराळीच आहे, आणि ती थोड्या गणितानें उघडी पडते. वर सांगितलेल्या काड्यांच्या रीतींत सोळा वेळांपैकीं एकदां सहा, तीनदां नऊ, पांचदां सात व सातदां आठ येण्याचा संभव असतो. म्हणजे कोणतीहि रेघ पालटण्याचा संभव चारांत एक. पुढें नाणीं फेंकून कौल लावण्याची सोपी रीति आली तींतहि हें चतुर्थांशाचें प्रमाण तसेंच राहिलें. ह्या हिशेबानें ४०९६ कौल लावले तर सरासरीनें ७२९ मध्यें एकहि रेघ पालटणार नाहीं, १४५८ मध्यें एक पालटेल, १२१५ मध्यें दोन, ५४० मध्यें तीन, १३५ मध्यें चार, १८ मध्यें पांच व एकांत सहाहि. म्हणजे एक रेघ पालटण्याच्या खालोखाल दोन पालटण्याचे प्रसंग आले पाहिजेत. आतां त्सो चुआन उघडून पाहावें. षट्कांची जोडी सांगणाऱ्या ज्या दहा-बारा कौलांच्या हकीकती तेथें आहेत, त्यांत मू ज्यांगची एक सोडून बाकी सर्वांत एकच रेघ पालटलेली आहे. दोन रेघा पालटल्याचें एकहि उदाहरण नाहीं. काड्या प्रामाणिक असतील तर असें होणें जवळजवळ अशक्य आहे.

मग उलगडा कसा करावा? गाओ हंग ह्या चिनी संशोधकानें १९४७ सालीं एक तोड सुचविली. परिशिष्टांत एकापासून दहापर्यंतच्या आंकड्यांची बेरीज ५५ ही आकाश व पृथ्वी ह्यांची संख्या म्हणून सांगितली आहे. तींतून सहा रेघांच्या आंकड्यांची बेरीज वजा करावी, आणि बाकी उरेल तितक्या रेघा खालून वर व वरून खालीं मोजीत जावें; मोजणी जिथें थांबेल ती एकच रेघ पालटण्यास पात्र. तोड चतुर आहे, परंतु असें कोणी करीत असे हें कोणत्याहि जुन्या ग्रंथांत सांगितलेलें नाहीं. दुसरा उलगडा अधिक साधा आहे, व आमचा ओढा तिकडेच आहे. तो एका अव्ययावर अवलंबून आहे.

त्सो चुआनाची भाषा अशी कीं ‘गुआन ची पी’ आलें, ‘कुन ची बी’ आलें. पहिलें एक षट्क, दुसरें एक षट्क, आणि मध्यें ‘ची’. आजच्या उत्तरेकडील चिनी उच्चारांतला हा शब्द आमच्या मराठी कानाला ‘ची’सारखा लागतो, आणि योगायोग असा कीं त्याचा एक अर्थ आपल्या षष्ठीच्या प्रत्ययाचाच आहे: गुआनची पी, कुनची बी. (ह्यावरून मराठी व चिनी ह्यांचें गोत्र एक असें सिद्ध करण्यास कोणी धजेल तर त्याला आमचा नमस्कार; जुन्या काळीं ह्या शब्दाचा उच्चारहि निराळा होता.) परंतु त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘जाणें’ असाहि आहे. तो घेतला तर ‘गुआन पीकडे जातो’ असें होतें. टीकाकारांनीं बहुधा हा दुसरा अर्थ धरला; त्यामुळें दोन षट्कें म्हणजे दोन अवस्था, एक आजची व एक उद्यांची, अशी समजूत रूढ झाली. पण षष्ठी धरली तर ‘गुआनची पी’ म्हणजे गुआन षट्कांतली ती रेघ, जी उलटली असतां पी होतो. म्हणजे चौथी. रेघेला नांव देण्याची ती एक तऱ्हा झाली, जसें आपण अमक्याच्या घरापासून तिसरें दार असें म्हणतों. आज ग्रंथांत रेघांना ‘पहिली नऊ’, ‘चौथी सहा’ अशीं नांवें दिलेलीं आहेत. त्सो चुआनांत हीं नांवें कोठेंहि आढळत नाहींत. मग त्या काळीं रेघेचा पत्ता सांगावयाचा कसा? असाच.

ह्याला पुरावा सज्जड आहे. इ. स. पू. ५९७ च्या लढाईपूर्वीं जिन संस्थानच्या फौजेंत बेशिस्त माजली असतां एका सरदारानें ‘शर ची लिन’ असें म्हणून सेना-षट्काच्या पहिल्या रेघेची आठवण करून दिली. इ. स. पू. ५१३ मध्यें जिनच्या राजधानीबाहेर नाग दिसल्याची आवई उठली, तेव्हां त्साइ मो नांवाच्या दैवज्ञानें जुन्या काळीं नाग पुष्कळ होते हें दाखविण्यासाठीं पहिल्या षट्कांतल्या नागांच्या रेघा ओळीनें उद्धृत केल्या व त्यांचा निर्देश ह्याच तऱ्हेनें केला. ह्या दोन्ही प्रसंगीं कौल लावलाच नव्हता; कोणी काडीला हात लावला नव्हता. जेथें कांहीं पडलेंच नाहीं तेथें पालटणार काय? तेथें ‘ची’ म्हणजे केवळ पत्ता.

तथापि सर्व हकीकती एवढ्यानें मिटत नाहींत हेंहि सांगितलें पाहिजे. चेन संस्थानच्या राजपुत्राचा कौल घ्या. तो इ. स. पू. ६७२ मध्यें पळून छी संस्थानांत गेला, व पुढें त्याच्याच वंशजांनीं तें राज्य बळकाविलें. त्या घराण्याला राजपदाची मान्यता इ. स. पू. ३८६ मध्यें मिळाली. त्याच्या बालपणींच ‘गुआन ची पी’ असा कौल आला होता व त्यावरून दैवज्ञानें हें भविष्य वर्तविलें होतें, असें बखर सांगते. भविष्य इतकें अचूक आहे कीं तें घडून गेल्यावर किंवा घडत असतां लिहिलें असावें, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण दैवज्ञ नुसता चौथ्या रेघेवर थांबत नाहीं. वरचा वारा पालटून आकाश झाला, तो पृथ्वीवर आहे, असें चित्रच तो रंगवितो. म्हणजे बखर लिहिली गेली त्या सुमारास पत्त्याचा प्रवास होऊं लागला होता. हान राजवटींत तो पुरा झाला. ज्याओ यानशौ ह्याच्या नांवावर असलेल्या ‘यी लिन’ ह्या ग्रंथांत चौसष्ट षट्कांतील प्रत्येक षट्क चौसष्टांपैकीं प्रत्येकाकडे जातें असें धरून ४०९६ पद्यें रचिलेलीं आहेत. तेथें मूळ रेघांचीं वचनें मागेंच पडलीं.

मू ज्यांगच्या कौलांतला तो आठाचा आंकडाहि असाच अवघड आहे. तिसऱ्या शतकांतला टीकाकार दू यू म्हणतो कीं त्या काळीं यी चिंगखेरीज आणखी दोन शकुनग्रंथ चालत, व त्यांत सात-आठ ह्या स्थिर रेघांवरून अर्थ काढीत; राणीचा कौल तसा असावा. राजपुत्र चोंग अर ह्यानें राज्य मिळेल काय म्हणून लावलेल्या कौलांतहि तीन रेघा पालटून बाकीच्या आठाच्या राहिल्या होत्या. रेघा कांहींच करीत नाहींत, मार्ग बंद आहे, असें सर्व दैवज्ञांनीं सांगितलें. एका अधिकाऱ्यानें मात्र दोन्ही षट्कांचीं मुख्य वचनें काढून दाखविलीं; दोहोंतहि अधिपति स्थापण्यास अनुकूल असाच शब्द होता. इ. स. पू. ६३६ मध्यें चोंग अर जिनच्या गादीवर बसला. चू शीचा तीन रेघांचा नियम ह्याच हकीकतीवरून निघाला आहे.

आतां दोन हकीकती अशा, कीं जेथें रेघ कोणती ह्याविषयीं वादच नव्हता. छी संस्थानचा प्रधान त्सुइ चू हा एका विधवेच्या रूपावर लुब्ध झाला व लग्नाविषयीं त्यानें कौल लावला. आलेली रेघ भयंकर होती: दगडांत अडकलेला, कांट्यांवर टेकलेला मनुष्य घरीं जातो तों बायको दिसत नाहीं. दैवज्ञांनीं एकमुखानें शुभ म्हणून सांगितलें. प्रधानापुढें दुसरें काय सांगणार? एका स्पष्टवक्त्यानें रेघ दाखवून धोका सांगितला, तेव्हां त्सुइ चू म्हणाला कीं ती विधवा आहे, हें अरिष्ट तिच्या पहिल्या नवऱ्यानें भोगून संपविलें. लग्न झालें. पुढें खुद्द राजाच तिच्याकडे जाऊं लागला, म्हणून इ. स. पू. ५४८ मध्यें प्रधानानें राजाला मारविलें. दोन वर्षांनीं त्याचेंच घर उद्ध्वस्त झालें, बायकोनें गळफास घेतला, आणि परत आलेल्या प्रधानाला जायला घर उरलें नाहीं तेव्हां त्यानेंहि तोच मार्ग धरला.

दुसरा नान क्वाइ. हा लू संस्थानांतला एका किल्ल्याचा अधिकारी. इ. स. पू. ५३० मध्यें धन्याविरुद्ध उठण्याचा बेत मनांत धरून त्यानें कौल लावला, आणि पिवळ्या अधोवस्त्राची परम शुभ रेघ आली. हर्षभरित होऊन, पण बेत न सांगतां, त्यानें ती एका जाणत्या सरदाराला दाखविली. त्या सरदारानें उत्तर दिलें, त्याचा भावार्थ असा: पिवळा हा मध्याचा रंग, अधोवस्त्र हें खालच्या पायरीवरच्याचें भूषण, काम निष्ठेचें असेल तर हें वचन फळेल, नसेल तर फसेल, आणि धोक्याच्या धाडसासाठीं ह्या ग्रंथाला विचारूंच नये. नान क्वाइ उठला, दोन वर्षांत त्याच्याच लोकांनीं त्याला हांकलून दिलें, व तो छी संस्थानांत पळाला.

राणी, प्रधान व किल्लेदार ह्या तिघांच्या हकीकती जवळ जवळ ठेवल्या म्हणजे आम्हांस असें वाटतें कीं बखरकाराला रेघांच्या नियमाची फिकीर नव्हतीच. एकाला अशुभ वचन आलें, त्यानें तें दुसऱ्याच्या नांवावर ढकललें. एकाला शुभ वचन आलें, त्यानें तें बिनदिक्कत आपलें मानलें. आणि तिघांत एकटी राणी अशी, कीं शुभ वचन तिच्या हातीं असून तें आपलें नव्हे म्हणून तिनें परत केलें. आधीं विचारणारा कोण हें वाचावें व मग रेघ वाचावी, ही त्यांची रीति होती. चू शीच्या सुबक नियमांनीं ही रीति मोडली असें म्हणणें अन्यायाचें होईल, पण नियम हातांत आल्यावर विचारणाऱ्याकडे पाहण्याची गरज कमी झाली, हें खरें.

गेल्या पन्नास वर्षांत चीनच्या भूमीनेंहि ह्या प्रकरणांत साक्ष दिली आहे. १९७८ सालीं चांग चंगलांग ह्या पंडितानें दाखविलें कीं जुन्या हाडांवर व कांस्यपात्रांवर आढळणारे गूढ अंकसमूह म्हणजे आंकड्यांनीं लिहिलेलीं षट्केंच आहेत. १९८७ सालीं हूबै प्रांतांत बाओशान येथें इ. स. पू. ३१६ मध्यें वारलेल्या एका छू संस्थानच्या अधिकाऱ्याची कबर निघाली. छातीच्या विकारानें तो बेजार होता व अन्न जात नव्हतें. त्यासाठीं लावलेल्या कौलांच्या बांबूच्या पट्ट्यांवर आंकड्यांचीं षट्कें सहा जोड्यांनीं लिहिलेलीं आहेत. जोडी दिसतांच कित्येकांना पालटापूर्वींचें व पालटानंतरचें षट्क सांपडल्यासारखें वाटलें. पण आंकडे तपासतां सहा-नऊचा नियम त्यांना लागूं पडत नाहीं, आणि यी चिंगचें वचनहि तेथें नाहीं. २००८ सालीं छिंगह्वा विद्यापीठाला मिळालेल्या पट्ट्यांत, सुमारें इ. स. पू. ३०५ च्या, ‘शर फा’ म्हणजे कौलाची रीति ह्याच विषयावर एक प्रकरण निघालें; तें २०१३ सालीं छापलें गेलें. त्यांतहि षट्कें जोडीनें मांडलेलीं असून तीं तीन तीन रेघांचे चार भाग करून वाचलीं आहेत. एक व सहा हे नेहमींचे आंकडे. चार, पांच, आठ, नऊ हे क्वचित् येणारे व विशेष अर्थाचे. म्हातारी होऊन पालटणारी रेघ तेथें कोठेंहि नाहीं. एकाच काळीं, एकाच देशांत, कौलाच्या निरनिराळ्या घराण्यांच्या निरनिराळ्या रीति चालत होत्या, आणि आपल्या हातीं आलेली ही त्यांतली एक.

चू शीला ह्या पट्ट्या दिसणें शक्य नव्हतें. पण नियम केल्यावर नऊ वर्षांनीं, ११९५ सालीं, त्याच्यावर स्वतःच कौल लावण्याची पाळी आली. दरबारांत हान त्वोचौ ह्याचा अंमल बसला होता व चू शीच्या बाजूच्या प्रधानाला हद्दपार केलें होतें. चू शीनें हानवर उघड आरोप करणारा एक लांबलचक अर्ज सम्राटासाठीं लिहून काढला. अर्ज गेला असता तर लिहिणाऱ्याचा जीव धोक्यांत येता. शिष्यांनीं परोपरीनें विनविलें, तो ऐकेना. अखेर त्साइ युआनदिंग, ज्यानें प्रवेशिका लिहितांना त्याला साह्य केलें होतें तोच, म्हणाला कीं निर्णय काड्यांवर सोंपवावा. ‘दुन’ हें षट्क आलें. दुन म्हणजे माघार. दुसरें षट्क एका हकीकतीप्रमाणें ‘ज्यारन’ होतें; म्हणजे दोन रेघा पालटल्या व नियमाप्रमाणें वरचीला मान द्यावयाचा, जी सज्जनाला माघार हितकर सांगते. दुसऱ्या हकीकतीप्रमाणें तें ‘तुंगरन’ होतें. म्हणजे पहिली एकच रेघ, जी कोठेंहि जाऊं नको म्हणते. चू शी कांहीं बोलला नाहीं. त्यानें आंत जाऊन अर्जाचा मसुदा आणला, जाळून टाकला, आणि पुढें ‘माघार घेतलेला म्हातारा’ अशा अर्थाचें नांव धारण केलें.